विजेची पातळी

निरभ्र दिवशीं मोकळ्या, सपाट मैदानांत जमीन आणि माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरील हवा यांच्यामध्यें विजेच्या पातळीचा सुमारें २०० व्होल्टांचा फरक असतो. घरांतील दिव्याच्या तारांत जो दाब खेळतो त्याच्या जवळपासचाच हा आंकडा आहे. उघड्या तारेला ओझरता हात लागला तरी जबर धक्का बसतो. मैदानांत मात्र शेतकरी दिवसभर उघड्या आभाळाखालीं राबतो आणि त्याला कशाचीहि जाणीव होत नाहीं. हा काळ्या मेघांचा किंवा वळवाच्या गडगडाटाचा प्रकार नव्हे. आकाशांत ढगाचा ठिपका नसतांनाहि ही वीज तेथें असतेच. १७५२ सालीं फ्रान्समध्यें ल मोनिए यानें ती प्रथम ओळखली. परंतु वीज ‘आहे’ असें म्हणणें निराळें, आणि अमुक बिंदूच्या ठिकाणीं तिची पातळी अमुक इतकी आहे असें सांगणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीपर्यंत पोंचण्यास शास्त्रज्ञांना शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. आणि त्या वाटेवरचा सर्वांत अवघड चढ जो चढून गेला तो कोणी विद्यापीठांतला पंडित नव्हता, पिठाच्या गिरणीवर राबणारा माणूस होता.

प्रथम ‘पातळी’ म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. शास्त्रीय ग्रंथांत या राशीला विभव असें नांव आहे. धान्याचें पोतें पाठीवर घेऊन नाशिकच्या गोदाघाटाच्या पायऱ्या चढणाऱ्या हमालाचें उदाहरण घ्यावें. पोत्याचें वजन पहिल्या पायरीवर जेवढें तेवढेंच विसाव्या पायरीवर, आणि तें ओढतेंहि सर्वत्र सरळ खालींच. म्हणून पोतें वर नेण्यास लागणारें कार्य केवळ किती पायऱ्या चढल्या यावर अवलंबून राहतें. हमाल सरळ चढला, तिरपा चढला, कीं मध्येंच एका पायरीवरून आडवा चालत जाऊन मग चढला, याचा हिशेबावर कांहीं परिणाम होत नाहीं. (हमालाच्या पायांवर होईल, परंतु पदार्थविज्ञानाला त्याच्या पायांची कींव नाहीं.)

विद्युत्क्षेत्राचेंहि तसेंच आहे. ज्या प्रदेशांत विद्युद्भारावर पडणारें बल प्रत्येक बिंदूच्या ठिकाणीं सारखेंच आणि एकाच दिशेचें असतें त्या प्रदेशांतील क्षेत्राला सम क्षेत्र म्हणतात. अशा क्षेत्रांत धन विद्युद्भाराचें एक एकक एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत बलाविरुद्ध नेण्यास जें कार्य करावें लागतें, तोच त्या दोन बिंदूंच्या विभवांतला फरक होय. सपाट जमिनीलगतच्या हवेंत हें क्षेत्र वरून खालीं असतें. त्याची तीव्रता दर मीटरास १२० व्होल्ट आहे असें धरावें आणि जमिनीची पातळी शून्य मानावी. मग एक मीटर उंचीवरील प्रत्येक बिंदूची पातळी १२० व्होल्ट, दोन मीटरांवर २४०, अडीच मीटरांवर ३००. आडवें कितीहि अंतर गेलें तरी पातळी बदलत नाहीं. जमिनीवरच्या एका खुणेपासून तिरपें पांच मीटर अंतर मोजून जो बिंदु येतो तो जमिनीपासून तीनच मीटर उंच असेल, तर तेथील पातळी ३६० व्होल्ट. पांचांनीं गुणून ६०० म्हणणें ही नवशिक्याची नेहमींची चूक. सारख्या पातळीचे सर्व बिंदु एकत्र घेतले म्हणजे जमिनीशीं समांतर असे थर होतात, आणि सम क्षेत्रांत हे थर घाटाच्या पायऱ्यांप्रमाणें सारख्या अंतरावर असतात.

शून्य कोठें धरावयाचें हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजली काय कीं गांवच्या वेशीपासून मोजली काय, शिखर पायथ्याहून जितकें उंच तितकें उंचच राहतें. मात्र पातळी शून्य म्हणजे क्षेत्रहि शून्य असें समजूं नये. विभव ही उंची. क्षेत्र हा उतार. समुद्रकांठचा कडा समुद्रसपाटीपासूनच वर निघतो, म्हणून तो कांहीं कमी उभा ठरत नाहीं.

आज ही कल्पना शाळेंतील मुलगा एका तासांत शिकतो. परंतु अठराव्या शतकांतील मोठमोठ्या बुद्धिमंतांना ती अशा स्वच्छ रूपांत ठाऊक नव्हती. तिच्या सर्वांत जवळ पोंचला तो हेन्री कॅव्हेंडिश. उमराव घराण्यांत जन्मलेला हा अबोल आणि एकलकोंडा इंग्रज आपल्या घरांतच प्रयोग करी. त्यानें ‘विद्युतीकरणाची मात्रा’ अशी एक कल्पना बसविली होती. लांब बारीक तारेनें दोन वाहक जोडले असतां दोहोंची ही मात्रा एकच होते, मग त्यांवरील वीज कमीअधिक कां असेना, हें त्यानें ओळखलें होतें. दोन टाक्या नळीनें जोडल्या म्हणजे पाणी दोहोंत समान पातळीवर येतें, पाण्याचा सांठा मात्र सारखा असेलच असें नाहीं, तसाच हा प्रकार. मोजण्याचें नीट साधन नसल्यामुळें कॅव्हेंडिश विजेचा धक्का स्वतःच्या अंगांतून घेऊन कोणता जोराचा, कोणता हलका तें ठरवी! इतकें करून हें संशोधन बहुतेक सर्व त्यानें कपाटांतच ठेवलें. १८१० सालीं तो वारला, आणि त्याचे कागद मॅक्सवेलनें छापून प्रसिद्ध केले ते १८७९ सालीं. तोंपर्यंत जगानें तीच गोष्ट दुसऱ्या वाटेनें शोधून काढली होती.

ती दुसरी वाट गणिताची. १७८५ सालीं कूलंबनें दोन विद्युद्भारांमधील बलाचा नियम प्रयोगानें सिद्ध केला. नियम सोपा; पण विद्युद्भार पुष्कळ असले म्हणजे प्रत्येकाचें बल निराळ्या दिशेचें, आणि त्या सर्व बाणांची बेरीज करतां करतां गणित्याची पुरेवाट होई. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतींत लाग्रांज आणि लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांनीं या कटकटींतून एक सुटका शोधली होती. प्रत्येक बिंदूला दिशा नसलेली एकच संख्या द्यावयाची, आणि ती संख्या कोणत्या दिशेनें किती झपाट्यानें बदलते एवढ्यावरून बल काढावयाचें. १८१२ सालीं प्वासाँ यानें ही युक्ति विजेला लावली. तरी या मंडळींच्या लेखीं ती युक्तीच होती. त्या संख्येला नांव नव्हतें, आणि तिचा स्वतंत्रपणें विचार करण्याची कोणास गरज वाटली नव्हती.

तिला नांव मिळालें तें इंग्लंडांतील नॉटिंगहॅम गांवीं. तेथें १७९३ सालीं एका पाव भाजणाऱ्याच्या घरीं जॉर्ज ग्रीन याचा जन्म झाला. आठव्या वर्षीं तो शाळेंत गेला आणि सुमारें एका वर्षांत शाळा संपली; पुढें बापाच्या भट्टीवर काम. १८०७ सालीं बापानें शेजारच्या स्नेंटन येथें टेकडीवर विटांच्या मनोऱ्याची एक पवनचक्की बांधली, आणि मुलगा त्या चक्कीला जुंपला गेला. पवनचक्कीचा धंदा वाऱ्याच्या मर्जीवर चालतो; वारा रात्रीं सुटला तर रात्रीं दळावें लागतें. अशा धंद्यांतून उरलेल्या वेळांत या माणसानें फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ आत्मसात् केले. कोणी शिकविलें? नॉटिंगहॅमच्या शाळेचा मुख्याध्यापक जॉन टॉप्लिस यानें लाप्लासच्या महाग्रंथाच्या पहिल्या भागाचें भाषांतर १८१४ सालीं प्रसिद्ध केलें होतें, म्हणून त्याच्यावर तर्क जातो. ग्रीनची लेखनपद्धति त्या काळच्या इंग्रजांची नाहीं, फ्रेंचांची आहे. यावरून त्या तर्काला बळकटी येते. १८२३ सालीं तो गांवच्या वाचनालयाचा वर्गणीदार झाला, आणि विद्वानांचीं नियतकालिकें त्याच्या हातीं येऊं लागलीं.

१८२८ सालीं त्यानें स्वखर्चानें व वर्गणीदारांच्या बळावर एक पुस्तक छापलें. विषय, गणिताचा विद्युत् व चुंबकत्व यांच्या सिद्धान्तांना उपयोग. किंमत साडेसात शिलिंग. वर्गणीदार सुमारें पन्नास, त्यांत बरेचसे गांवचे प्रतिष्ठित गृहस्थ. यांपैकीं कितीजणांना पहिल्या चार पानांपलीकडे जातां आलें असेल, याची कल्पना करवत नाहीं. त्या पुस्तकांत ग्रीननें फ्रेंचांच्या त्या निनांवी संख्येला ‘पोटेन्शियल’ हें नांव दिलें, आणि तिच्याविषयीं असे सिद्धान्त मांडले कीं ज्यांवांचून पुढील शंभर वर्षांचें पदार्थविज्ञान अडून बसलें असतें. त्यांतील मुख्य गोष्टीचा आशय सम क्षेत्राच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल. दोन रुंद तबकड्या समोरासमोर ठेवल्या. एकीची पातळी शून्य, दुसरीची हजार व्होल्ट. मधल्या पोकळींत कोणी शिरलेला नाहीं, कांहीं मोजलेलें नाहीं. तरीसुद्धां बरोबर मध्यावर पाचशें, पाव अंतरावर अडीचशें, असें प्रत्येक बिंदूचें विभव निश्चित सांगतां येतें. दुसरी कोणतीहि मांडणी संभवतच नाहीं. तबकड्यांऐवजीं सीमेचा आकार वाटेल तेवढा वेडावांकडा असला, तरी मधल्या पोकळींत विद्युद्भार नसल्यास सीमेवरच्या पातळ्या कळल्या म्हणजे आंतल्या प्रत्येक बिंदूची पातळी ठरते, आणि ती काढण्याची रीत ग्रीननें दिली.

पुस्तक निघालें आणि जगांत शांतता पसरली. एक वर्गणीदार मात्र जाणता निघाला. सर एडवर्ड ब्रॉमहेड हा स्वतः गणित जाणणारा जमीनदार होता. त्यानें ग्रीनला पत्र लिहून पुढील लेख विद्वत्सभांकडे पाठविण्यास मदत देऊं केली. थोर लोकांचें असलें बोलणें केवळ शिष्टाचाराचें असतें, तें खरें मानूं नये, असें कोणीसें ग्रीनला सांगितलें, आणि त्या भिडस्त माणसानें जानेवारी १८३० पर्यंत उत्तरच पाठविलें नाहीं. लहान गांवच्या शहाण्यांनीं आजवर किती कर्तबगार माणसें अशीं मागें खेंचलीं असतील त्याची गणतीच नाहीं. पुढें ब्रॉमहेडच्याच सल्ल्यानें ग्रीन वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, १८३३ सालीं, केंब्रिज येथें विद्यार्थी म्हणून दाखल झाला! सोबतचीं मुलें त्याच्या निम्म्या वयाचीं. परीक्षेंत तो चौथा आला, आणि १८३९ सालीं कॉलेजचा फेलो झाला. त्या काळीं फेलोला अविवाहित असावें लागे. ग्रीनला जेन स्मिथ या बाईपासून मुलें होतीं, पण धर्मविधीनें लग्न झालेलें नव्हतें. त्यामुळें नियम मोडला नाहीं असें कायद्याच्या भाषेंत म्हणतां येई. परंतु प्रकृति खालावली. तो स्नेंटनला परतला आणि ३१ मे १८४१ रोजीं तेथेंच वारला. त्याच्या पहिल्या पुस्तकाची योग्यता ओळखणारा माणूस अद्याप त्याला भेटावयाचा होता.

तो माणूस म्हणजे विल्यम थॉमसन, पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगप्रसिद्ध झालेला. १८४५ सालच्या जानेवारींत तो वीस वर्षांचा होता आणि केंब्रिजची परीक्षा नुकतीच संपवून पॅरिसला निघण्याच्या तयारींत होता. एका निबंधांत ग्रीनच्या पुस्तकाचा ओझरता उल्लेख त्यानें वाचला होता. पण पुस्तक कोठेंहि मिळेना. प्रवासाच्या आदल्या दिवशीं आपला शिक्षक हॉपकिन्स याच्यापाशीं त्यानें सहज गोष्ट काढली, तेव्हां त्या पुस्तकाच्या प्रती हॉपकिन्सच्याच खोलींत निघाल्या. थॉमसननें तें वाटेंत वाचलें. पॅरिसमध्यें त्यानें तें लिउव्हिल, स्टुर्म यांना दाखविलें, आणि आपण ज्या सिद्धान्तांसाठीं वर्षानुवर्षें खपलों ते एका अप्रसिद्ध इंग्रजानें आधींच छापून ठेविले आहेत हें पाहून ती मंडळी थक्क झाली. जर्मनींत गाउस यानेंहि १८४० च्या सुमारास हीच राशि याच नांवानें स्वतंत्रपणें मांडली होती. थॉमसनच्या खटपटीनें ग्रीनचा ग्रंथ बर्लिनच्या गणितविषयक नियतकालिकांत १८५० ते १८५४ या काळांत पुन्हां छापला गेला. तेव्हां ग्रीनला जाऊन दहा वर्षें होत आलीं होतीं. त्याची चक्की १९४७ सालीं आगींत सांपडली. १९८० नंतरच्या दशकांत ती दुरुस्त होऊन पुन्हां फिरूं लागली, आणि १९९३ सालीं त्याच्या नांवाची शिळा वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें न्यूटनच्या समाधीजवळ बसविण्यांत आली.

ग्रीनची पातळी कागदावर होती. ती यंत्रावर आणण्याचें काम थॉमसननें केलें, आणि त्यासाठीं त्यानें सम क्षेत्राचाच आधार घेतला. दोन समांतर तबकड्यांच्या पातळ्या भिन्न असल्या म्हणजे त्या एकमेकींस ओढतात; हें ओढणें तराजूच्या वजनांनीं तोलतां येतें. मग क्षेत्रफळ नि अंतर पट्टीनें मोजलें, कीं पातळींतला फरक केवळ वजन व लांबी यांवरून निघतो. पण एक अडचण होती. तबकड्यांच्या मध्यभागीं क्षेत्र सम असतें. कांठापाशीं मात्र तें बाहेरच्या बाजूस फुगतें, आणि सोपें सूत्र तेथें लागू पडत नाहीं. थॉमसननें फिरत्या तबकडीच्या कांठाभोंवतीं थोडीशी फट ठेवून त्याच पातळीचें एक रुंद कडें बसविलें. फुगायचें तें क्षेत्र आतां कड्याच्या बाहेरील कांठापाशीं फुगे, आणि मधल्या तबकडीला शुद्ध सम क्षेत्रच लाभे. याला रक्षक कडें म्हणतात. युक्ति इतकी साधी कीं ती आधीं कोणास कां सुचली नाहीं असें वाटावें.

दुसरी गोष्ट याहूनहि सुंदर आहे. १८६७ सालीं थॉमसननें आपल्या विद्युन्मापकांचें जें वर्णन प्रसिद्ध केलें त्यांत तबकडीवरची ओढ नेहमीं एकच ठेवलेली आहे; खालची तबकडी सूक्ष्म आंट्यांच्या स्क्रूनें वरखालीं करावयाची, ती ओढ नेमकी तेवढी होईपर्यंत. ओढ तीच म्हणजे क्षेत्राची तीव्रता तीच. आणि तीव्रता तीच असली म्हणजे पातळींतला फरक अंतराच्या प्रमाणांत. अंतर दुप्पट करावें लागलें तर पातळी दुप्पट. विजेची पातळी अशा रीतीनें स्क्रूच्या आंट्यांवर वाचतां येऊं लागली. अशाच दोन तबकड्यांमध्यें अमेरिकेंत मिलिकननें १९०९ ते १९१३ या काळांत तेलाचे सूक्ष्म थेंब तरंगत ठेवून इलेक्ट्रॉनवरील विद्युद्भार मोजला. त्याच्या तबकड्या २२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि अवघ्या १६ मिलिमीटर अंतरावर होत्या, म्हणून मध्यभागीं कड्यावांचूनहि क्षेत्र सम होतें. दाब सुमारें ५,००० व्होल्ट धरला तर खालच्या तबकडीपासून ४ मिलिमीटर वर असलेला थेंब १,२५० व्होल्टांच्या थरावर असे. पण तो वरखालीं सरकला तरी त्यावरील बल मात्र तेंच राही, आणि प्रयोगाची सारी मदार त्यावरच होती. त्यानें काढलेला आंकडा आजच्या मूल्याशीं शेंकडा एकाहूनहि कमी फरकानें जुळतो. जो थोडा फरक राहिला तो विजेच्या मोजणींतला नव्हे. हवेच्या दाटपणाचा आंकडाच त्यानें किंचित् चुकीचा घेतला होता.

परंतु थॉमसनची नजर आभाळाकडे होती. तबकड्यांचें क्षेत्र माणसानें घडविलेलें; मैदानावरचें सम क्षेत्र निसर्गानें घडविलेलें. तेथें नऊ फुटांवरच्या रिकाम्या हवेची पातळी मोजावयाची कशी? तार वर धरावी तर ती तार स्वतः वाहक असल्यामुळें क्षेत्र बिघडवून टाकते. शेतकऱ्याला धक्का कां बसत नाहीं याचें उत्तरहि येथेंच आहे. माणसाचें शरीर हवेच्या मानानें उत्तम वाहक असल्यामुळें डोक्यापासून पायांपर्यंत सगळ्याची पातळी जमिनीचीच, म्हणजे शून्य, होऊन जाते. आडवे थर त्याच्या डोक्यावरून वळसा घालून जातात, ओढ्यांतल्या दगडावरून पाणी जावें तसे. २०० व्होल्टांचा फरक तो उभा राहण्यापूर्वीं तेथें होता. तो उभा राहतांच त्याच्या अंगापुरता नाहींसा झाला. शिवाय हवेंतून त्याच्याकडे येणारी वीज इतकी अल्प कीं ती कोणत्याहि ज्ञानेंद्रियाला कळूं नये. म्हणजे मोजणारा जवळ गेला कीं मोजावयाची वस्तुच हालते.

यावर थॉमसनचा पहिला उपाय जळत्या वातीचा. रोधक आधारावर एक उंच दांडी, तिच्या टोकाला शिशाच्या नायट्रेटांत भिजवून वाळविलेल्या टीपकागदाची धुमसती वात, आणि दांडीचा संबंध विद्युन्मापकाशीं. टोकाची पातळी भोंवतालच्या हवेच्या पातळीहून भिन्न असेल तोंवर टोकावर वीज सांचते, आणि ती ज्वलनाच्या धुराबरोबर निघून जाते. जाऊं शकेल तितकी गेली म्हणजे टोकाची पातळी बरोबर तेथल्या हवेची झालेली असते. दुसरा उपाय पाण्याचा, आणि तो थॉमसनच्या बुद्धीचा खरा नमुना आहे. खिडकीच्या आंत रोधक आधारावर पाण्यानें भरलेला एक डबा. त्याची बारीक नळी खिडकीबाहेर हवेंत गेलेली. नळीच्या टोकापासून धार निघून थेंबांत तुटते. जेथें धार तुटते तेथील हवेची पातळी डब्याहून उंच असेल तर प्रत्येक थेंब थोडी ऋण वीज घेऊन खालीं पडतो, आणि डब्याची पातळी तितकी चढते. थोड्याच वेळांत डबा त्या बिंदूच्या पातळीला येतो. मग थेंबांना नेण्यास कांहीं उरत नाहीं. थेंब गळतच असतात, म्हणून बाहेरची पातळी बदलली कीं डबाहि मागोमाग बदलतो. हवेला हात न लावतां हवेनें स्वतःच आपली पातळी सांगावी, अशी ही योजना.

१८५९ सालीं स्कॉटलंडच्या पश्चिमेस अरन बेटावरच्या सपाट, मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर थॉमसननें मोजमाप केलें. व्होल्ट हें एकक तेव्हां रूढ नव्हतें. तो डॅनियलच्या विद्युत्घटांच्या संख्येंत बोले. जमीन आणि तिच्यावर नऊ फुटांवरची हवा यांच्यांतला फरक २०० ते ४०० घटांइतका भरला, म्हणजे दर फुटाला सुमारें २२ ते ४४ घट. एका घटाचा दाब सुमारें १.०८ व्होल्ट, म्हणून आजच्या भाषेंत मीटरमागें सुमारें ७८ ते १५६ व्होल्ट. निरभ्र दिवसांसाठीं आज ग्रंथांत मीटरमागें १०० ते १५० व्होल्टांच्या आसपासचा आंकडा देतात. एक दांडी, एक धुमसती वात आणि हातांत मावणारें यंत्र एवढ्या सामग्रीवर, हवेंत वीज कशानें टिकून राहते हें कोणालाहि ठाऊक नव्हतें त्या काळीं, एका माणसानें किनाऱ्यावर उभें राहून हा आंकडा काढला. १८ मे १८६० रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यानें या विषयावर व्याख्यान दिलें, आणि हें क्षेत्र निरभ्र दिवशींहि स्थिर नसतें, वाऱ्याच्या झुळकांबरोबर कांहीं मिनिटांतच कित्येक पटींनीं कमीअधिक होतें, हेंहि सांगितलें. पुढच्या वर्षीं क्यू येथील वेधशाळेंत त्याचा पाण्याचा डबा बसविण्यांत आला; यंत्राचे वाचन छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटूं लागलें. तेथील नोंदींत दिवसांतून दोन चढ आणि दोन उतार दिसले.

हें सम क्षेत्र सम असतें तें जमिनीलगतच. घरें, झाडें, टेकड्या यांच्या माथ्यावर थर दाटीनें एकत्र येतात आणि तेथें उतार तीव्र होतो. खूप वर गेलें तर उलट तो मंदावतो. दहा किलोमीटर उंचीवर मीटरमागें पांच व्होल्टांच्या आसपासच क्षेत्र उरतें. कारण असें कीं बाह्य अवकाशांतून येणाऱ्या किरणांमुळें वरची हवा अधिकाधिक वाहक होत जाते. वरच्या थरांपर्यंत सगळ्या पायऱ्या मोजल्या तर बेरीज अडीच लाख व्होल्टांच्या घरांत जाते. येथें मूळ कोडें अधिकच गडद होतें. हवेंतून वीज अल्प प्रमाणांत कां होईना सतत झिरपते, आणि साऱ्या पृथ्वीचा हिशेब केला तर अर्ध्या तासाच्या आंत ही पातळी सपाट होऊन जावी. ती होत नाहीं. तेव्हां कोणी तरी तिला सारखें वर उचलून धरीत असलें पाहिजे. १९२० च्या सुमारास स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यानें असें मत मांडलें कीं तें काम जगभर कोसळणारीं गडगडाटी वादळें करतात.

हें मत खरें असेल तर निरभ्र आकाशाखालच्या पातळीची भरती-ओहोटी सर्व पृथ्वीवर एकाच क्षणीं यावयास पाहिजे, तेथील स्थानिक वेळ कोणतीहि असो. जमिनीवर हें कळणें कठीण. धूर नि धूळ आपापले चढउतार मिसळून टाकतात. क्यूचे दोन चढ त्याच जातीचे. म्हणून समुद्राचा आसरा घेण्यांत आला. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेनें लोखंडाचा वापर टाळून बांधविलेल्या ‘कार्नेगी’ या शिडांच्या जहाजावर महासागरांत दीर्घ काळ वेध घेतले गेले. शेवटच्या सफरीवर असतांना, २९ नोव्हेंबर १९२९ रोजीं, सामोआच्या अपिया बंदरांत पेट्रोल भरतांना त्याचा स्फोट झाला. जहाज जळालें आणि कप्तान ऑल्ट मरण पावला; आधींच्या नोंदी मात्र वांचल्या होत्या. त्यांवरून काढलेल्या रेषेला आजहि कार्नेगी वक्ररेषा म्हणतात, आणि तींत दिवसाला एकच चढ आहे. जहाज कोणत्याहि महासागरांत असो, पातळी ग्रिनिचच्या घड्याळांत पहांटेचे तीन वाजण्याच्या सुमारास सर्वांत खालीं असते, आणि सायंकाळीं सात वाजण्याच्या सुमारास, म्हणजे अमेरिका खंडांत दुपारचीं वादळें भरांत असतांना, सर्वांत वर चढते. भारतांतील घड्याळांत त्या वेळीं रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात.